बारा नंबरचा मुलगा

मी कतारमध्ये मेसईदच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो, तेव्हाची ही गोष्ट. नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. बायको आणि मुलगा देवरुखजवळच्या आमच्या गावी होते, आणि मी कंपनीच्या बॅचलर क्वार्टर्समध्ये, परभणीकडच्या एका ड्रायव्हरबरोबर एका खोलीत राहत होतो. फॅमिली व्हिसा मिळावा एवढी माझी ग्रेड नव्हती. वर्षातून एकदा सुट्टी मिळायची, तेवढीच.

आठवड्याचे बाकीचे दिवस कामात निघून जात. सुट्टीचा शुक्रवार मात्र जाता जात नसे. सकाळी कपडे धुवायचे, आठवड्याची भाजी करून फ्रीजमध्ये टाकायची. बारा वाजता दुकानं बंद होत आणि मशिदीतला खुतबा, म्हणजे नमाजाआधीचं प्रवचन, सगळ्या वसाहतीवर ऐकू येई. नमाजानंतर माणसं पांगली की मी टेलिफोन बूथकडे निघायचो. गावी फोन शेजारच्यांकडे होता. बायको मुलाला घेऊन तिथे येऊन बसलेली असे.

मुलगा तेव्हा दुसरीत होता. मी विचारायचो, "अभ्यास करतोस ना?"

"हो."

"आईला त्रास देत नाहीस ना?"

"नाय."

मग पलीकडे थोडी कुजबुज व्हायची, बायको "अरे बोल ना बाबांशी" म्हणायची, आणि फोन तिच्याकडे जायचा. दर शुक्रवारी हेच. मी काय विचारायचं ते आठवडाभर ठरवत असे आणि बूथमध्ये शिरलो की पुन्हा अभ्यासाचंच तोंडातून निघे.

त्या सुमाराला कारखान्याचं एक्स्पान्शन चालू होतं आणि कमिशनिंगसाठी, म्हणजे नवा भाग चालू करून देण्यासाठी, काही अमेरिकन माणसं कॉन्ट्रॅक्टवर आली होती. त्यातल्या एका इंजिनियरच्या हाताखाली मला दिलं होतं. तो साठीच्या आसपासचा, खूप उंच, थोडा वाकलेला. आमचं काम लूप चेकचं: एकाने प्लँटमध्ये उभं राहून उपकरणाला सिग्नल द्यायचा आणि दुसऱ्याने कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर तो बरोबर येतो का बघायचं. त्यामुळे दिवसभर आम्ही वॉकीटॉकीवरच एकमेकांशी बोलत असू. "पन्नास टक्के." "पन्नास टक्के, ओके." असं. साहेब गरजेपेक्षा जास्त एक शब्द बोलत नसे. चिडतही नसे. उन्हात काम असलं की मला आत बसवून स्वतः बाहेर जाई. असा साहेब मी त्याआधी पाहिला नव्हता.

दुसरा एक अमेरिकन पाइपिंग सुपरवायझर होता. लाल चेहरा, मोठं पोट, मोठा आवाज. त्याच्या बायकोला इथलं हवामान मानवलं नाही म्हणून ती परत गेली होती, आणि तो कंपनीच्या तीन बेडरूमच्या व्हिलात एकटाच राहायचा. एकदा चहाच्या वेळी तो वैतागून सांगत होता की त्याच्या भावाने तिकडून पाठवलेल्या व्हिडिओ कॅसेट्स इथल्या व्हीसीआरवर चालत नाहीत, नुसत्या रेघा पळतात. मी सांगितलं की अमेरिकेची सिस्टिम वेगळी असते, त्याला मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागतो, आणि माझ्याकडे एक आहे. हिंदी सिनेमे बघायला मी तो दोह्यातून आणला होता.

त्या शुक्रवारी फोन झाल्यावर मी व्हीसीआर टॉवेलमध्ये गुंडाळून त्याच्या व्हिलावर गेलो, वायरी जोडून दिल्या आणि निघायला लागलो. तो म्हणाला, "जातोस कुठे? बस की."

जायला मला कुठे होतं? बसलो.

कॅसेटवर त्याच्या जुन्या कॉलेजची फुटबॉल मॅच होती. अमेरिकन फुटबॉल, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा तो. भाऊ टीव्हीवरून टेप करायचा आणि टपालाने पाठवायचा. इथे पार्सल तपासणीत अडकायचं, त्यामुळे तीन आठवड्यांपूर्वी संपलेली मॅच आम्ही ताजी म्हणून बघायचो. निकाल आधी कुणी सांगायचा नाही असा नियम होता. बघायला तिघे असत: पाइपिंगवाला, तिशीतला एक सेफ्टी ऑफिसर, आणि माझा उंच साहेब. साहेब त्या कॉलेजात शिकलेला नव्हता. मला वाटलं, माझ्यासारखाच वेळ जात नाही म्हणून येत असेल.

खेळ मला सेफ्टीवाल्याने समजावला. चार डावांत दहा यार्ड पुढे जायचं; गेलात तर पुन्हा चार डाव. मी गावात कबड्डी खेळलेला माणूस. एकाने घुसायचं आणि बाकीच्यांनी त्याला पाडायचं, एवढं मला लगेच कळलं. फरक एवढा की इथे घुसणाऱ्याच्या मागे एक जण उभा असतो, क्वार्टरबॅक. प्रत्येक डाव त्याच्या हातात सुरू होतो. चेंडू कुणाला द्यायचा, किती लांब फेकायचा, ते त्याने श्वासभरात ठरवायचं, आणि तेवढ्यात समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याच्यावर धावून येतात.

त्या संघाचा क्वार्टरबॅक बारा नंबरची जर्सी घालायचा. संघ हरत होता, आणि व्हिलातल्या वादाचा विषय तोच होता.

"याला बसवा," पाइपिंगवाला म्हणायचा. "चेंडू हातात धरून उभा राहतो. बसची वाट बघतोय जसा."

"अहो, त्याच्या पुढची लाईन बघा," सेफ्टीवाला म्हणायचा. "पाच जण पुढे उभे करून ठेवलेत, एकही कुणाला अडवत नाही. तो फेकणार कधी?"

"चांगला क्वार्टरबॅक वेळ काढतो."

"कोच तोच तोच डाव लावतोय. समोरच्यांना पाठ झालेत आता."

"कोच काय करणार? या पोराला डावी बाजू दिसतच नाही. पहिल्या वर्षाचा तो नवा मुलगा बसलाय बाकावर, त्याला आणा."

अर्धी मॅच कॅसेट थांबवून भांडण्यात जायची. पाइपिंगवाला सोफ्यावरून उठून टीव्हीच्या काचेवर बोट ठेवून दाखवायचा की इकडे मोकळा माणूस होता आणि हा बघ तिकडे फेकतोय. रिमोट माझ्या हातात. "मागे घे. परत लाव. आता थांबव." मी मागे घ्यायचो, लावायचो, थांबवायचो. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. इतक्या मोठमोठ्याने बोलणारी माणसं भोवती असणं, हेच मला पुष्कळ दिवसांत मिळालं नव्हतं. खोलीवर परतलो की परभणीवाला विचारायचा, "काय बघायलास रे त्या खेळात? नुसते एकमेकांवर आदळायलेत." मी त्याला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तो झोपून गेला.

माझा साहेब मात्र वादात कधी पडत नसे. पेप्सीचा कॅन हातात धरून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचा. एकदा पाइपिंगवाल्याने त्याला सरळ विचारलं, "तुझं मत काय? बसवायचा की नाही?"

साहेब म्हणाला, "लहान आहे अजून."

दोघे हसले. "एकवीस वर्षांचा घोडा आहे," पाइपिंगवाला म्हणाला.

व्हीसीआर जड होता म्हणून साहेब मला त्याच्या गाडीतून क्वार्टर्सपर्यंत सोडायचा. अशाच एका शुक्रवारी, ऊन उतरता उतरता, त्याने गाडी आमच्या गेटजवळ थांबवली पण इंजिन बंद केलं नाही. एसीच्या आवाजात त्याने विचारलं, "तुला मुलं आहेत?"

"एक मुलगा. सात वर्षांचा."

"शेवटचा कधी पाहिलास?"

"गेल्या मे महिन्यात."

त्याने मान हलवली. मग समोर बघत म्हणाला, "तो बारा नंबरचा माझा आहे."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "तुमचा आवडता?"

"माझा मुलगा."

त्याने जे सांगितलं ते थोडक्यात असं. मुलगा सहा वर्षांचा असताना त्याचा घटस्फोट झाला. काम तेलाचं, आज नायजेरिया, उद्या इंडोनेशिया. मुलाच्या आईने दुसरं लग्न केलं, मुलाने नव्या वडिलांचं आडनाव घेतलं, म्हणून पडद्यावरच्या नावावरून कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. आधी वाढदिवसाला फोन व्हायचे. मग तेही राहिले. मुलगा कॉलेजच्या संघात आहे हे त्याला एका जुन्या ओळखीच्याकडून समजलं होतं. आणि इथे आल्यावर पाइपिंगवाला त्याच कॉलेजच्या कॅसेट्स मागवतो हे कानावर आलं.

मी विचारलं, "पण ते दोघे काय काय बोलतात त्याच्याबद्दल. तुम्ही तिथे कशाला जाऊन बसता?"

"दुसरीकडे कुठे दिसणार मला तो?"

मी उतरलो. व्हीसीआर घेऊन गेटमधून आत गेलो. मागे वळून बघितलं तर गाडी अजून तिथेच होती.

त्यानंतरचे शुक्रवार मला जड गेले. आधी ज्या वादाची मजा वाटत होती त्यातला एकेक शब्द आता मी साहेबाच्या कानाने ऐकत होतो. एकदा बारा नंबरने फेकलेला चेंडू सरळ समोरच्या संघातल्या माणसाच्या हातात गेला. पाइपिंगवाला कपाळावर हात मारून म्हणाला, "या पोराला लहानपणी कुणी चेंडू फेकायला शिकवलंच नाही. बाप काय करत होता याचा?" तो सहज बोलून गेला. त्यात वाईट हेतू काही नव्हता. मी साहेबाकडे बघितलं नाही. परतताना गाडीत तो आपणहून म्हणाला, "बरोबर बोलला तो. मी नव्हतो तिथे."

मग ती मॅच आली. दुसऱ्या अर्ध्यात बारा नंबर दोघांच्या मधे चिरडला गेला आणि उठताना लंगडायला लागला. कोचने त्याला बाहेर काढलं आणि पहिल्या वर्षाच्या मुलाला आत पाठवलं. कॅमेरा बाकावर गेला. मुलाने हेल्मेट काढलं होतं आणि डोक्यावर टॉवेल घेतला होता. पाइपिंगवाला खूष. "झालं. खलास. हे पाच मॅच आधी करायला हवं होतं." आणि सेफ्टीवाल्याला घेऊन तो मागच्या अंगणात कोळसे पेटवायला गेला, कारण त्या दिवशी मटण भाजायचं ठरलं होतं.

खोलीत आम्ही दोघेच उरलो. साहेब म्हणाला, "थोडं मागे घेशील?"

मी मागे घेतलं. टॉवेल डोक्यावर घ्यायच्या आधी मुलाचा चेहरा क्षणभर बाजूने दिसत होता. साहेबाने तिथे थांबवायला सांगितलं. थांबवलेलं चित्र थरथरत होतं, मधून पांढरी रेघ जात होती. साहेब खुर्चीवरून उठून टीव्हीसमोर गुडघ्यांवर बसला. इतका उंच माणूस त्या गालिच्यावर लहान दिसत होता.

"कान माझ्या वडिलांचे आहेत," तो म्हणाला.

कोळशाचा वास आत यायला लागला, तेव्हा मी म्हटलं, "फोन करा ना त्याला. गुडघा कसा आहे विचारा. तेवढंच विचारा."

"ही मॅच तीन आठवड्यांपूर्वीची आहे. आतापर्यंत बराही झाला असेल."

"तरी विचारा."

पुढे जे झालं ते माझ्या सांगण्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्याच्या मनात ते आधीपासून असणार.

काही दिवसांनी आम्ही अमोनियाच्या टाकीजवळ सावलीत डबा खात होतो. त्याने सँडविच अर्धं ठेवून दिलं आणि म्हणाला, "केला फोन."

कॉलेजात फोन करून, निरोप ठेवून, कुणाकुणाला विनवून शेवटी मुलाच्या हॉस्टेलचा नंबर मिळाला होता. मुलगा फोनवर आला.

"काय म्हणाला?"

"मला सर म्हणाला. येस सर, नो सर. आमच्याकडे चांगल्या घरची मुलं परक्या मोठ्या माणसाला तसं म्हणतात." मग थोड्या वेळाने, "गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता, आता बरं होतंय म्हणाला. कुठून बोलताय विचारलं. मी कतार सांगितलं. ते कुठे आलं, म्हणाला."

"मग?"

"मग मी कतार कुठे आहे ते सांगितलं. बराच वेळ सांगितलं. तो ऐकत होता."

त्या शुक्रवारी बूथमध्ये मी अभ्यासाचं विचारलं नाही. मुलाला विचारलं, "शाळेत काय खेळलास?" तो म्हणाला, "कबड्डी." मी म्हटलं, "मग?" तो म्हणाला, "बाद झालो." मी विचारलं, "कसा बाद झालास?" मग तो सांगायला लागला. कोपऱ्यातल्या मुलाने पाय कसा धरला, याने कसा झटकला, चड्डी कशी फाटली, आई कशी ओरडली. त्याचा आवाज इतका सलग मी फोनवर पहिल्यांदाच ऐकत होतो. कार्ड संपायची टीक टीक सुरू झाली, तरी तो बोलतच होता. लाईन तुटल्यावर मी रिसीव्हर धरून उभा राहिलो. बाहेर एक फिलिपिनो वाट बघत होता, त्याने काचेवर टकटक केली.

इकडे व्हिलातल्या कॅसेट्समध्ये पहिल्या वर्षाचा मुलगा खेळत होता आणि संघ तसाच हरत होता. ऑफेन्स, म्हणजे चढाई करणारी फळी, पुढे सरकतच नव्हती. आता पाइपिंगवाल्याचा सूर बदलला. "हा तर त्याच्याहून वाईट. त्या बाराला निदान लांब तरी फेकता येत होतं." सेफ्टीवाला म्हणाला, "मी सांगत होतो ना, लाईनचा दोष आहे." "लाईनचा नाही, कोचचा." पुन्हा जुंपली. आणि बोलता बोलता पाइपिंगवाला जुन्या मॅचवर आला आणि म्हणाला, "पण बाराही शेवटी नाजूकच. एक धक्का बसला आणि आईला हाक मारत बाहेर."

साहेबाने कॅन खाली ठेवला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "तो माझा मुलगा आहे. गुडघ्याचा लिगामेंट फाटला होता त्याचा."

टीव्ही चालू होता. मी आवाज बंद केला. पाइपिंगवाल्याने एकदा माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. त्याचा लाल चेहरा आणखी लाल झाला. तो उठला, स्वयंपाकघरात गेला, आत बराच वेळ भांड्यांचा आवाज करत राहिला. मग चिप्सची मोठी वाटी घेऊन आला आणि साहेबाच्या पुढ्यात ठेवली. "हात चांगला आहे पोराचा," तो म्हणाला. "मी पहिल्यापासून म्हणतोय."

त्याने तसं कधीच म्हटलं नव्हतं. पण साहेब म्हणाला, "थँक यू."

त्यानंतर दोन शुक्रवार आम्ही जमलो. पाइपिंगवाला चांगला माणूस होता, आणि नेमकं तेच आड आलं. साहेबासमोर संघाबद्दल वाईट बोलायची त्याला सोय उरली नाही. चेंडू खाली पडला की तो म्हणायचा, "अवघड होतं ते." सेफ्टीवाला म्हणायचा, "हो, अवघड होतं." कॅसेट थांबवायला कुणी सांगत नसे. मॅच सरळ सुरू होऊन सरळ संपे. पुढच्या आठवड्यात पाइपिंगवाल्याने सांगितलं की तो दोह्याला चाललाय. त्याच्या पुढच्या आठवड्यात कॅसेट आली नाही असं सांगितलं. मी व्हीसीआर कपाटावर ठेवून दिला. कुणी कुणाशी भांडलं नाही, कुणी कुणाला या म्हटलं नाही, आणि ते संपलं.

शुक्रवार पुन्हा पूर्वीसारखा लांबला. मी कंपनीच्या बसने दोह्याला जायला लागलो. कॉर्निशवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर, समुद्राकडे तोंड करून बसायचो, आजूबाजूला माझ्यासारखेच शेकडो पुरुष गवतावर बसलेले असायचे, आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही. संध्याकाळच्या बसने परत.

प्रोजेक्ट संपला तेव्हा साहेबाचं कॉन्ट्रॅक्टही संपलं. निघायच्या दिवशी तो कंट्रोल रूममध्ये आला, सगळ्यांशी हात मिळवले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी पुढचं काम घेतलं नाही. त्याच्या कॉलेजपासून दीड तासावर एक गाव आहे, तिथे घर बघतोय."

"त्याला सांगितलंत?"

"नाही अजून. आधी घर बघतो."

वर्षभराने कधीतरी इन्स्ट्रुमेंट शॉपमध्ये माझ्यासाठी परदेशातून फोन आला. आवाज मी लगेच ओळखला. दोन वर्षं तो मी वॉकीटॉकीवर ऐकला होता. त्याने घर घेतलं होतं. मुलगा संघातून बाहेर पडला होता, गुडघा पुन्हा दुखावला म्हणून. आता तो एका टायरच्या दुकानात काम करत होता. रविवारी कधीमधी जेवायला यायचा.

"काय बोलता?" मी विचारलं.

"फारसं काही नाही. जेवतो आम्ही. मी एकदा मॅच लावली होती. तो उठून बाहेर अंगणात गेला. आता लावत नाही." मग म्हणाला, "मागच्या रविवारी जाताना भांडी घासून गेला."

मला त्याला माझ्या मुलाचं सांगायचं होतं. तो चौथीत गेला होता आणि आता फोनवर स्वतःहून बोलायचा, म्हणजे बोलायचा तेव्हा बोलायचा. पण तेवढ्यात वॉकीटॉकीवर माझं नाव पुकारलं गेलं, कॉम्प्रेसर ट्रिप होऊन बंद पडला होता. मी म्हटलं, "साहेब, मला जायला हवं." तो म्हणाला, "जा, जा. मी करीन पुन्हा."

त्याचा नंबर मी विचारून घेतला नव्हता, आणि त्याचा फोन पुन्हा आला नाही. शॉपमधली फोनची घंटा वाजली की पुढे बरेच महिने मी हातातलं काम थांबवून कोण उचलतंय ते बघायचो. मग काही काळाने तेही बंद झालं. २००३ नंतर कधीतरी मला ग्रेड मिळाली, दोह्यात अल अझीझियाला फ्लॅट मिळाला आणि बायको-मुलगा आले. तोवर मुलगा माझ्या खांद्यापर्यंत आला होता. विमानतळावर त्याने मला नमस्कार केला आणि बॅग कुठल्या गाडीत ठेवायची ते विचारलं. गाडीत तो मागे बसला. मी आरशातून बघत होतो. तो खिडकीतून बाहेरचे दिवे बघत होता, आणि विमानतळापासून घरापर्यंतचा रस्ता मी त्याला कुठे काय आहे ते सांगत राहिलो.